अमेरिकन गिनी आणि लछूशेठचं भिंग

आमच्याकडे जेवताना टीव्ही लावत नाहीत. मी कामावरून आले की नवरा चपला काढायच्या आत विचारतो, "आज काय झालं?" आणि काहीतरी झालेलं असतंच!

मी राहते अंबरनाथला, शिवमंदिराजवळ. कामाला उल्हासनगरात, लछूशेठकडे. जुन्या अमेरिकन सोन्याच्या गिन्या खऱ्या की खोट्या, आणि खऱ्या असल्या तर कुठल्या ग्रेडच्या, हे शेठ भिंगातून बघून सांगतात. ग्रेड म्हणजे नाणं टांकसाळीतून निघालं तेव्हा जसं होतं, तसं किती उरलंय त्याचे मार्क. सत्तरपैकी! या गिन्या इकडे कशा आल्या म्हणाल तर कुणाचे आजोबा बोटीवर होते, कुणाचे फाळणीत सिंधमधून आले. माणसं हसत येतात. जाताना बघवत नाहीत. इतकी वर्षं झाली, मला अजून सवय झालेली नाही.

*

पालेगावच्या एक मावशी देव्हाऱ्यातली गिनी घेऊन आल्या. एका बाजूला बाईचं तोंड, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला पक्षी. घरात तीन पिढ्या पूजा चाललेली. लक्ष्मी आणि गरुड! "मावशी, तो अमेरिकेचा ईगल," असं मी सांगणार होते, पण शेठनी डोळ्यांनीच गप्प केलं. मग भिंग लावलं आणि दचकलेच.

"माई, देवीचं नाक कुठे गेलं?"

"झिजलं आसंल. दर दिवालीला चिंच नि राख लावून लख्ख घासतो ना आमी!"

शेठनी कपाळाला हात लावला. "माई, घासलं की ग्रेड खतम! हात नसता लावला तर..."

आता धक्का मावशींना बसला. "म्हंजे देवाला पारोसं ठेवायचं? काय बोलता शेठ!"

*

एक निवृत्त फौजदार आले. गिनी प्लास्टिकच्या डबीत, कापसावर. शेठ हातमोजे घालून बघत होते आणि बघता बघता खूश होत होते. असं नाणं वर्षातून एखादंच येतं. त्यांनी ते कापसावर परत ठेवलं आणि नोंद करायला पेन शोधू लागले.

फौजदारांना तेवढाही धीर नव्हता. "आमची टेस्ट वेगळी असते," म्हणाले, गिनी उचलली आणि कचकन चावले! दाढेला स्टीलची कॅप. कर्रर्र आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"ओरिजिनल आहे!" फौजदार.

"फर्स्ट क्लास होतं, साहेब," शेठ म्हणाले. "होतं!"

*

जितू नावाचा मुलगा आमच्याच बाजारातला, कंप्युटर इंजिनियर. त्याने कापडाने मढवलेलं एक बटण आणलं. कपाटाच्या कोपऱ्यात पडलेलं. कापड विरलं आणि आत पिवळं चमकलं. शेठनी ब्लेडने टाके उसवले. आतून निघाली छोटी अमेरिकन गिनी. इतकी वर्षं कापडात, कुणाचा हात लागलेला नाही. अशी चकाकत होती की शेठ खुर्चीतून उठून उभे राहिले.

"बाकीची बटणं?"

"कोटावर. पणजोबा सिंधमधून तोच कोट घालून आलेले."

"आणि कोट?"

जितूने आईला फोन लावला, स्पीकरवर. दोघांचं सिंधीत चाललं होतं, पण मला एव्हाना सगळं कळतं. आई म्हणाली, "तो जुना कोट? बोहारणीला दिला ना! स्टीलचा डबा आला त्यात. झाकण घट्ट बसतं हां!"

जितू भिंत धरून उभा. फोनमधून आवाज येतच होता, "हॅलो? जितू? का रे, घालायचा होता का तुला?"

*

चिखलोलीचे एक बिल्डर गिनी घेऊन आले. वजन बरोबर, सोनं चोख. शेठनी भिंग लावलं. ड्रॉवर उघडला, आदल्या आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी तपासायला ठेवलेली गिनी लाल पोटलीतून काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्हींवरच्या बाईच्या गालावर एक बारीक खड्डा. तीच जागा, तोच आकार!

"साईं, दोघींना एकाच जागी तीळ असेल एक वेळ. पण एकाच जागी, एकसारखी जखम? नाही. कुणीतरी एका खरचटलेल्या नाण्यावरून साचा बनवलाय, आणि त्यातून दोन्ही काढलीत."

"पण सोनं खरं आहे ना?"

"सोनं खरं. नाणं खोटं."

बिल्डरचं लक्ष मात्र दुसऱ्या गिनीच्या लाल पोटलीकडे लागलं होतं. त्यावर जरीने दोन नावं भरलेली.

"ही पोटली... ही तर माझ्या मुलीच्या साखरपुड्यातली! माझ्या या गिनीच्या जोडीचीच मी जावयाला घातली होती..." ते मटकन बसले. "व्याही चेक करायला आले होते?"

*

आणि बदलापूरच्या त्या आजी. सत्तरी ओलांडलेल्या. सोबत दोन मुलगे, बाकड्याच्या दोन टोकांना. मधे आई.

आजींचे वडील बोटीवर खलाशी. त्यांनी लेकीला मोठी गिनी आणून दिली होती. तिने ती कधी अंगावर घातली नाही, मऊ मलमलीत गुंडाळून ठेवली. नवऱ्याच्या माघारी घर वाटून झालं, जमीन वाटून झाली, गिनीवर येऊन अडलं. थोरला म्हणे, मी मोठा. धाकटा म्हणे, आईला मी सांभाळतो. बोलणं बंद झालं. मग वकिलाच्या नोटिसा.

आजींनी काउंटरवर रुमाल सोडला. आत दोन तुकडे होते. मधोमध सरळ कापलेले.

"ये किसने किया?" शेठ ओरडले. मी त्यांना गिऱ्हाइकावर ओरडताना कधी पाहिलं नव्हतं.

"मी," आजी म्हणाल्या. "सोनाराकडे नेलं आणि समोर बसून कापून घेतलं. रोजचं भांडण ऐकवत नव्हतं."

शेठनी दोन्ही अर्धे जुळवून धरले. भिंगातून बराच वेळ बघत राहिले. काप सोडला तर नाण्यावर ओरखडा नव्हता. आज सकाळी टांकसाळीतून निघाल्यासारखं.

"असं नाणं मी फोटोतच पाहिलंय," ते म्हणाले. "माई, अख्खं असतं ना, तर..." त्यांनी भिंग खाली ठेवलं.

थोरला उभा राहिला, परत बसला. त्याचा चेहरा पांढराफटक. आजी खाली बघून रुमालाची घडी घालत होत्या.

धाकट्याने आपला अर्धा उचलला, दाराशी नेऊन उजेडात धरला. मग परत आला आणि शेठच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला,

"शेठ, दादाच्या अर्ध्यापेक्षा माझ्या अर्ध्याला ग्रेड जास्त मिळेल ना?"