कलाबाईंचा वाजवलेला नारळ

मंडईत आमचे गाळे लागून. माझा लिंबं-मिरच्यांचा, कलाबाईंचा नारळांचा. इतक्या वर्षांत त्यांनी मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. "या ताई, पूजेला शेंडीचा घ्या, चटणीला ह्यो घ्या, बघायला पैसं पडत न्हाईत, आन् सासूला द्यायचा आसंल तर तसलाबी हाय." हे एका दमात, आणि बोलता बोलता मधल्या बोटाच्या पेरानं नारळावर टकटक चाललेली. न वाजवता एक नारळ त्यांनी कधी विकला नाही.

पूजेचा नारळ नासका निघाला की लोक 'देवाला पावला' म्हणून गप्प बसतात. विकणाऱ्याचं फावतं. कलाबाईंना ते खपायचं नाही. "देवाला कशाला मधी घालता? चूक माझ्या कानाची. दुसरा न्या." अशानं धंदा बुडेल, असं मी म्हणायचो. "भाऊ, तुम्ही तुमची लिंबं बघा," एवढंच उत्तर.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून 'हो'शिवाय काही निघेना. मी वारज्याला त्यांच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा त्यांचा मुलगा महेश म्हणाला, "काका, दसऱ्यापर्यंत बघतो, नाहीतर गाळा सोडून देतो. तिथे आईला कोणी हसलं तर मला सहन नाही होणार." हिंजवडीला नोकरी करणारा सालस मुलगा, त्याचं चुकत होतं असंही नाही. कलाबाई "हो" म्हणाल्या आणि मान मात्र जोरजोरात 'नाही' अशी हलवली.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना डाव्या हातानं टेबलावर ठेका धरून एकेक अक्षर म्हणायला सांगितलं होतं. कलाबाईंनी टेबल बाजूला सारलं आणि खुणेनं नारळ मागितला. मग सकाळ-संध्याकाळ तेच. टक्, ना. टक्, रळ. घरचे कंटाळले, त्या कंटाळल्या नाहीत.

गणपतीच्या आधी त्या गाळ्यावर येऊन बसल्या. त्यांचे शब्द जुळेपर्यंत मलाच धीर निघेना, म्हणून त्यांची जुनी वाक्यं मीच ओरडून म्हणायला लागलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या गुडघ्यावर टकटक केली. "गप. ब-सा." लाज वाटली मला, खोटं कशाला सांगू.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी महेश येऊन आईच्या मागे उभा राहिला. तेवढ्यात नेहमीच्या एक बाई आल्या. "आजी, परवाचा नासका निघाला हो. असू द्या, देवाला पावला."

कलाबाईंनी मांडीवर नारळ घेतला. "चू-क." टक्. "मा-झी." टक्. "दु-स-रा. न्या."

फार वेळ लागला. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण कोणी हसलं नाही. मी तोंड मिटून बसलो होतो, आणि मला ते जड गेलं. कलाबाईंनी तीन नारळ वाजवून बाजूला ठेवले, चौथा त्या बाईंना दिला.

महेश शर्टाच्या बाह्या वर सारून पुढे आला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायला त्यानं एक नारळ उचलला. कलाबाईंनी त्याच्या मनगटावर टकटक केली.

"आ-धी. वा-जव."