राखेनं घासलेली मोटार

नाना गेल्याचं त्यांच्या मुलीनं, शुभानं, फोनवर सांगितलं. "झोपेतच गेले, काका," एवढंच बोलली. नाना माझे नात्यातले कोणी नव्हते. ते गिरगावातल्या जुन्या, बऱ्या घरातले, सॉलिसिटरच्या ऑफिसात हेडक्लार्क. मी परळच्या चाळीतला, गिरणीत माग चालवणाऱ्याचा मुलगा. आमची गाठ पडली ती संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत, आणि तीही माझ्या पोटरीत गोळी घुसली म्हणून.

त्या दुपारी मोर्च्यावर गोळीबार झाला, पळापळ झाली आणि मी एका गल्लीच्या तोंडाशी बसलो तो उठेचना. एक काळी मोटार येऊन थांबली. आतल्या टोपीवाल्या गृहस्थांनी मला काखेत धरून आत ओढलं आणि पहिलं वाक्य काय, तर "ही वडिलांची गाडी आहे. सीटवर रक्त सांडू नकोस." नानांना मोर्चे मुळीच आवडत नसत. "ओरडून घसा बसतो, राज्य मिळत नाही," हे त्यांचं मत मला कण्हत कण्हत ऐकावं लागलं. पण जखमींची नावं टिपायला पोलीस हॉस्पिटलच्या दारातच उभे आहेत हे दिसताच त्यांनी गाडी घराकडे वळवली. नाक्यावर पोलिसांनी लोखंडी पिंपं आडवी टाकली होती. त्यातल्या एकाला डावं मडगार्ड खर्रकन घासलं, मागून शिट्ट्या झाल्या... नानांनी मागे वळून पाहिलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी गोळी काढली, टाके घातले. मला मागच्या खोलीत निजवलं. सकाळी डॉक्टरांनीच बातमी आणली, की पिंपाला काळा रंग लागलेला सापडलाय आणि पोलीस गल्लीगल्लीत काळ्या मोटारींची मडगार्डं तपासताहेत. मी म्हटलं, "नाना, मी जातो. तुम्ही कशाला उगाच गोत्यात येता?" ते म्हणाले, "उभा राहून दाखव आधी." मला उभं राहता आलं नाही.

माझ्या खिडकीखालीच मोटारीची पत्र्याची शेड होती. नानांनी दार आतून लावून घेतलं. खरवडलेला पत्रा पॉलिश पेपरनं घासला आणि डबीतला काळा रंग हलक्या हातानं लावला. असले ओरखडे काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण काम झाल्यावर ते मागे सरकून बघतच राहिले. ताजा रंग चांगला वाळून कडक झाल्याशिवाय त्याला पॉलिश करता येत नाही. घासायला जावं तर रंगच निघून येतो. त्याला काही दिवस लागतात. आणि बाकीची गाडी तर अशी लखलखीत, की वाडीतली पोरं तिच्यात बघून भांग पाडत. त्या झगझगाटात तो वीतभर मंद तुकडा आंधळ्यालाही दिसला असता.

थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, "माई, बंबातली राख आण. आणि काथ्या."

माई, म्हणजे नानांच्या पत्नी, राखेची पाटी घेऊन आल्या, पण देईनात. "अहो, मामंजींची गाडी..." एवढंच म्हणाल्या. नानांनी पाटी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि बॉनेटपासून सुरुवात केली. दर रविवारी मेण लावून, फ्लॅनेलच्या फडक्यानं वर्षानुवर्षं आणलेली ती चकाकी त्यांनी ओल्या राखेनं, काथ्यानं, कढई घासावी तशी घासून काढली. फक्त तो ताजा तुकडा सोडला. त्याच्यावर नुसती राख भुरभुरवली. मी वरून ऐकत होतो. काथ्याचा तो आवाज अंगावर येत होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. शरम वाटत होती, दुसरं काय!

इन्स्पेक्टर आला तो दोन शिपाई घेऊन. जिन्याला एकच वळण होतं. वर आला असता तर सगळंच संपलं असतं. मी उशीचा कोपरा तोंडात धरून पडलो होतो.

"काय अवस्था केलीय गाडीची?" त्याचा आवाज.

"नवा गडी ठेवलाय, साहेब. भांड्यासारखी राखेनं घासली."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"ऑफिसात होतो."

मग बुटांचा आवाज आला. तो गाडीभोवती फिरत असावा. नंतर नानांनीच सांगितलं, की त्याचा हात डाव्या मडगार्डवर टेकला होता. जरा दाबला असता तर बोट रंगात रुतलं असतं. पण तळव्याला चिकट राख लागली, तसा त्यानं तोंड वाकडं करून हात रुमालाला पुसला. "गाडी ठेवायची अक्कल नसेल तर विकून टाका," तो म्हणाला. आणि कुणाचं उणं बोलणं ऐकून न घेणारे आमचे नाना म्हणाले, "जी, साहेब."

गाडी पुन्हा कधी चमकली नाही. ओरखडे खोल गेले होते. पाय बरा झाल्यावर मीही रविवारी जाऊन फडकं मारायचो, पण रंगात जीव उरला नव्हता. वाडीत गड्याची गोष्ट पसरली आणि नाना कायमचे चेष्टेचा विषय झाले. पुढे राज्य मिळालं, जो तो आपण काय सोसलं ते सांगायला लागला. मी म्हटलं, "नाना, आता तरी सांगू द्या." ते म्हणाले, "काय सांगणार? गाडी घासली म्हणून? गप्प बस." मी गप्प बसलो.

परवा वाडीत शोकसभा झाली. एका वक्त्यानं तीच गड्याची गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणाला, "माणूस देवासारखा, पण वडिलांची मोटार काही सांभाळता आली नाही!" लोक हसले. नानांच्या आणि आधीच गेलेल्या माईंच्या फोटोंशेजारी बसलेली शुभाही कसंनुसं हसली. तिलाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

मी उभा राहिलो. सगळ्यांदेखत धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन पोटरीवरचा गोळीचा वण दाखवला आणि म्हटलं, "खरं आहे. मोटार त्यांना सांभाळता आली नाही. त्या दिवशी ते मला सांभाळत होते."