अनुभवाच्या रकान्यात गोटमार

गुणवंताला हेवी लायसन्स मिळालं तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता, आणि त्यातली वीस वर्षं ट्रॅक्टरवर गेली होती. पांढुर्ण्याच्या भैय्याजींच्या बगीच्यातली संत्री मंडीत न्यायची, कापूस जिनिंगला टाकायचा, लग्नसराईत वऱ्हाड पोचवायचं. पण भैय्याजींचा पोरगा शिकून परत आला, ट्रॅक्टरवर स्वतःच बसायला लागला, आणि गुणवंता घरी बसला. घरी बसलेला नवरा म्हणजे काय असतं ते त्याच्या बायकोला, वैशालीला विचारा. दिवसातून चारदा ती त्याच्या पायाखालून झाडू मारायची.

ट्रक चालवायचं वेड त्याला लहानपणापासूनचं. नवं लायसन्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो तीन ट्रान्सपोर्टवाल्यांकडे जाऊन आला. तिघांनी एकच विचारलं, ट्रकचा अनुभव किती? नाही म्हटलं की लांबूनच हात जोडले. आता सांगा, अनुभव नाही म्हणून ट्रक देत नाहीत, आणि ट्रकच दिला नाही तर अनुभव काय आभाळातून पडणार? शेवटी कळलं की बोरगावला केसरबाईंच्या ट्रान्सपोर्टमध्ये एक ड्रायव्हर घेणार आहेत. शनिवारी या म्हणाले, पण सोबत सीव्ही आणा. ही जागा हुकली तर दुसरं दार ठोठावायला उरलं नव्हतं.

सीव्ही म्हणजे काय ते श्रुतीला ठाऊक होतं. श्रुती त्याची पोरगी, अकरावीत. तिनं मोबाईलवर पाच मिनिटांत एक पान तयार केलं. नाव, पत्ता, लायसन्स, ट्रॅक्टर वीस वर्षं, ट्रकचा अनुभव नाही, शिकायची तयारी आहे. झालं. खरं म्हणजे तिथंच सगळं झालं होतं. पण ओसरीवर शेजारचे दादाजी बसले होते ना!

दादाजी पोस्टातून रिटायर झालेले. आयुष्यभर त्यांनी लोकांची पत्रं वाटली आणि हळूहळू त्यांचा समज असा झाला की ती सगळी त्यांनीच लिहिली होती. त्यांनी पान वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे का लिहून राहिली, पोरी? अनुभव नाही? असं नाही-नाही कोनी कागदावर लिहिते का?"

"पण आजोबा, नाहीच ना अनुभव."

"नाही कसा? लिही. संत्र्याच्या झाडाइतून भरली ट्रॉली मागं घेते, एक फांदी तुटत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत सात तास ट्रॅक्टर चालवला, एकाही नाचणाऱ्याच्या पायावर चाक गेलं नाही."

हे दोन्ही खरं होतं, म्हणून श्रुतीनं लिहिलं. दादाजींना जोर आला. त्यांनी उकिडवं बसून एकेक रकाना घेतला.

"अपघात?"

"एक," गुणवंता म्हणाला. "भैय्याजीची म्हैस."

"मेली?"

"कुठी मरते! ते उठून गेली. हेडलाइट माह्या गाडीचा फुटला."

दादाजींनी सांगितलं, लिही, अपघात एक, चूक म्हशीची. मग छंद आला. गुणवंताला छंद काही सुचेना. डोकं खाजवून तो म्हणाला, "दादाजी, मले झोपाले लय आवडते." श्रुतीची बोटं मोबाईलवरच थांबली. ड्रायव्हरच्या कागदावर झोप! वैशाली आतून ओरडली, "अहो, काही तं भान ठेवा!" शेवटी छंदात लिहिलं, गाडी धुणे.

असं करता करता तीन पानं झाली. चौथ्या पानावर दादाजींना मथळा पाहिजे होता, विशेष शौर्य. आणि पांढुर्ण्याच्या माणसाचं शौर्य म्हणजे दुसरं काय असणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि अलीकडून पांढुर्णेवाले, पलीकडून सावरगाववाले, दिवसभर एकमेकांवर दगड; झेंडा तोडेल ती बाजू जिंकली. ही आमची गोटमार. किती समजवा, किती बंदोबस्त लावा, ती होतेच. आणि म्हातारपणी प्रत्येक जण सांगतो की मी त्यात होतो. सगळ्यांचं खरं मानलं तर नदीत उभं राहायला जागा उरली नसती.

"दोन हजार आठले झेंडा आपण तोडला होता," दादाजी म्हणाले. "तू तवा ऐन जवान होता. होता ना त्यात?"

गुणवंता त्या दिवशी घरात होता. आईनं कोंडून ठेवलं होतं, असं तो स्वतःला सांगत आला होता. पण समोर पोरगी कौतुकानं पाहत होती, आणि पांढुर्ण्यात बसून नव्हतो म्हणायला वेगळीच छाती लागते. त्यानं मान हलवली. दादाजींनी बेधडक सांगितलं, "लिही. गोटमार, दोन हजार आठ, पांढुर्ण्याकडून. न भेता पुढं. नेम पक्का."

शनिवारी चार पानं, वर टाय लावलेला फोटो, असा गुणवंता बोरगावला पोचला. टाय फोटोवाल्याचा होता. केसरबाई साठीच्या, आवाज खणखणीत. कोपऱ्यात त्यांचे यजमान वामनराव शेंगा फोडत बसले होते. बाई पानं मोठ्यानं वाचायला लागल्या. मिरवणुकीला त्यांनी मान डोलावली. म्हशीला तर त्या खळखळून हसल्या. गुणवंताला वाटलं, जमलं बुवा, आता देवच पावला.

चौथं पान त्यांनी मनातच दोनदा वाचलं.

"अहो," बाई म्हणाल्या, "इकडं पाहा. तुमच्या कपाळाचा मालक आला."

वामनरावांनी मान वर केली. भुवईच्या वर सहा टाक्यांची खूण होती. "माह्यं सासर सावरगाव," बाई गुणवंताला म्हणाल्या. "अन् हे टाके दोन हजार आठचे. नेम खरंच पक्का होता बरं."

गुणवंता अडकला. होतो म्हणावं तर मालकाचं डोकं आपण फोडलेलं. नव्हतो म्हणावं तर कागद खोटा. मनातल्या मनात त्यानं दादाजींच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या. मग वामनरावांच्या कपाळाकडे पाहिलं आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली.

"बाई, मी नव्हतो. घरी होतो."

"म्हंजे खोटं लिहिलं?"

"हो. आईनं कडी लावली होती..." तो अडखळला. "नाही बाई. आईनं नाही. मीच लावली होती, अंदरून. मले दगडाची भीती वाटते. सगळ्याचीच वाटते. घाटात समोरून गाडी दिसली का मी बाजूले घेऊन थांबतो. मांगचे हार्न वाजवतात, शिव्या देतात, तरी थांबतो. आजपर्यंत कोनाले सांगतलं नाही हे. येतो मी." आणि तो खरंच निघाला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते बाईंना दिसू नये एवढंच त्याला वाटत होतं.

"थांब," केसरबाई म्हणाल्या. "किल्ली घे. तो ट्रक मागं घेऊन गोदामाले लाव."

गुणवंता ट्रकवर चढला. चार हात मागं घेतला, थांबला, खाली उतरून मागं जाऊन पाहून आला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा हमाल हसायला लागले. "अरे हा डायवर आहे का चौकीदार?" एक जण ओरडला. केसरबाई हसल्या नाहीत. ट्रक गोदामाला सुतासारखा लागला, पण त्याला पाऊण तास गेला.

"माह्याकडं आजवर जे आले ते सारे वाघ," बाई म्हणाल्या. "एक वाघ घाटात पलटला. एकानं धाब्यात गाडी घातली, जेवणाऱ्याइच्या मधात. मले वाघाइचा कंटाळा आला, भाऊ." त्यांनी चौथं पान घेतलं, शौर्यावर काट मारली आणि पहिल्या पानावर अनुभवाच्या रकान्यात पेनानं लिहिलं, भेते. खाली सही केली. "तीन महिने जुन्या डायवरसोबत जाशीन, मंग एकटा. सोमवारी सकाळी ये."

वामनरावांनी मूठभर शेंगा त्याच्या हातावर ठेवल्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागले.

फाटकाबाहेर येऊन गुणवंतानं घरी फोन लावला.

"लागली!" तो ओरडला.

"लागली?" वैशालीचा आवाज चिरकला. "कशी काय? काय सांगतलं तुमी त्यायले?"

"खरं सांगतलं."

पलीकडे झाडू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, "अन् तरी लागली?"