दहावा आकडा

लव्होन टीग ही बाई जन्माची भित्री. घरातून निघताना शेगडी तीनदा बघायची आणि गाडीत बसल्यावर चौथ्यांदा बघायला परत आत जायची. काऊंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कचेरीच्या तळघरात आणीबाणीचे फोन घेत मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर एकोणीस वर्षं काढली, तेव्हा हे बोलायचा मला अधिकार आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, "डेला, दोघींपैकी एकीने तरी घाबरायला हवं ना. तुझ्यात ती सोयच ठेवलेली नाही."

ती आली होती टायपिस्ट म्हणून. कॉम्प्युटरचं शिक्षण शून्य. एक जाडजूड पुस्तक आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत पीनट बटर लावलेली बिस्किटं खात खात आपली आपणच शिकली. मग तिने एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरने एकापाठोपाठ एक काय करायचं याच्या आज्ञा. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे वणवा. त्यासाठी काऊंटीचे एकोणतीस विभाग पाडलेले आहेत. स्क्रिप्टचं नाव टाईप करायचं, पुढे जागा सोडून विभागांचे आकडे द्यायचे, की त्या विभागांतल्या घरोघरी फोन वाजायचा: घर सोडा, लगेच निघा. काऊंटीचा पोलीसप्रमुख शेरीफ ब्रँट, त्यालासुद्धा जमेल इतकं सोपं, आणि त्या माणसाला कॉफीचं मशीनही धड लावता येत नाही.

नऊ वर्षं ती स्क्रिप्ट बिनतक्रार चालली. कधी दोन विभाग द्यायचे, कधी तीन, एका वाईट वर्षी सहा. लव्होन शाळांमधून, चर्चमधून जाऊन लोकांना एकच गोष्ट सांगायची: "बॅग भरून ठेवा, पण फोन आल्याशिवाय निघू नका. फोन आला की मग एक मिनिट थांबू नका." त्यालाही कारण होतं. स्क्रिप्टच्या आधीच्या एका वणव्यात सगळे एकदमच निघाले, पुलावर गाड्यांवर गाड्या चढल्या आणि तिघं जण गाडीतच दगावले. म्हणून लोकांनी तिचं ऐकलं. इतकं ऐकलं की समोर डोंगर पेटला तरी हलेनात.

त्या ऑगस्टात दुपारी सव्वातीनला वारा फिरला आणि आग कड्यावरून अलीकडे उतरली. शेरीफ धापा टाकत खाली आला आणि कागद टेबलावर ठेवला. दहा विभाग. लव्होनने एक एक आकडा टाईप केला, पहिला चार, शेवटचा सतरा. मी शेजारून कागदाशी ताडून पाहिले. दहाच्या दहा बरोबर होते. तिने एंटर दाबलं आणि फोन सुटले.

पुढची बावीस मिनिटं आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. इकडून कोणी विचारतंय घोडे कुठे न्यायचे, तिकडून कोणी म्हणतंय नवरा जंगलात गेलाय. मग प्रिंटरने अहवाल काढला. लव्होनने तो घेतला आणि तिचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"डेला, हा चाळीस कुठून आला?"

"कुठला चाळीस?"

"विभाग चाळीस. घरं शून्य, फोन शून्य." तिचा आवाज इतका खाली गेला की मला खुर्ची जवळ ओढावी लागली. "आपल्याकडे एकोणतीसच विभाग आहेत. आणि यात सतरा नाहीये."

मी वेड्यासारखं म्हटलं, "तू टाईप केलास की. मी पाहिला."

"मी केला. स्क्रिप्टने वाचला नाही."

कसं ते तिला तिथल्या तिथे कळलं, मला नंतर तिने चार वेळा समजावलं तेव्हा. स्क्रिप्टला दिलेले आकडे आत डॉलर एक, डॉलर दोन, म्हणजे डॉलरचं चिन्ह आणि पुढे क्रमांक, अशा नावांनी मिळतात. नवापर्यंत ठीक. पण दहाव्यासाठी तिने सरळ डॉलर दहा लिहिलं होतं, आणि ते कॉम्प्युटर वाचतो डॉलर एक आणि त्याला चिकटलेलं शून्य. पहिला आकडा चार होता, त्याला शून्य लागलं, झाले चाळीस. दहाच्या भोवती महिरपी कंस घालायला हवा होता. नऊ वर्षांत नवाच्या पुढे कोणी गेलंच नव्हतं, म्हणून तो खड्डा कोणाच्या पायाखाली आला नाही. त्यात आणखी एक शहाणपण तिने केलं होतं: विभाग सापडला नाही तर थांबायचं नाही, गुपचूप पुढे जायचं. एकदा सरावाच्या वेळी एका चुकीच्या आकड्यावर सगळं अडून बसलं होतं, त्याची भीती. भीतीपोटी केलेली गोष्टच नडली.

सतरा म्हणजे ज्युनिपर फ्लॅट. त्रेसष्ट घरं, एक रस्ता, एक पूल. आणि ती त्रेसष्ट घरं या घडीला बॅगा भरून फोनकडे बघत बसलेली असणार. स्क्रिप्टचं नाव तिला तिसऱ्या खेपेला नीट टाईप करता आलं. पुढे एकच आकडा, सतरा. ज्युनिपर फ्लॅटला जाऊन दारं ठोठाव म्हणायला मी वायरलेसवर गस्तीवरच्या मिचला गाठलं, तो म्हणाला मी नदीच्या पलीकडे आहे, अर्धा तास तरी लागेल.

एका वेळी चार लाईनींवर, आडनावांच्या क्रमाने फोन जात होते. अ‍ॅबटने उचलला. बेंडरने उचलला. लव्होन एकेक नाव पुटपुटत होती. शेवटाकडे आली मिसेस ओपल टिबेट्स. वय एक्याऐंशी, एकटी. उत्तर नाही. लव्होनने स्वतःच्या हाताने फोन लावला. अकराव्या रिंगला उचलला.

"मिसेस टिबेट्स, काऊंटीतून बोलतेय. निघा."

"बकऱ्या घेऊ का, की आधी—"

फोन बंद पडला. नुसता बंद. तिकडची तार गेली होती.

हायस्कूलच्या जिममध्ये, तिथल्या व्यायामाच्या हॉलमध्ये, घर सोडून आलेल्यांची नोंद चालली होती. मी दर दोन मिनिटांनी तिथे विचारत होते. ज्युनिपर फ्लॅटची चाळीस घरं आली. पंचावन्न. बासष्ट. मग आकडा बासष्टावरच बसला. लव्होन उठली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही. तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बसले. पाच वाजून चाळीस मिनिटांनी जिममधून निरोप आला, म्हातारी आली. ट्रकच्या एका अंगाचा रंग फोडासारखा फुगलेला, मागचा दिवा वितळलेला, पुढच्या सीटवर दोन बकऱ्या.

आम्ही गेलो तेव्हा शेरीफ छाती काढून सगळ्यांना सांगत होता, "दहा विभाग आणि माणूस एकही गेला नाही. या बाईला धन्यवाद द्या." लोक टाळ्या वाजवत होते. मी लव्होनचा दंड धरला आणि कानात म्हटलं, "गप्प राहा. कोणाला कळणार नाही." हे मी म्हटलं. लपवून काय करू? तिने माझा हात सोडवला आणि सरळ म्हातारीकडे गेली.

म्हातारीने तिचे दोन्ही हात धरले. केसात राख, भुवया करपलेल्या. "पोरी, मी बॅग मांडीवर घेऊन पोर्चमध्ये बसले होते. कुंपणाशी गवत पेटलं तरी बसले होते. म्हटलं, लव्होनचा फोन नाही, म्हणजे आपल्याला अजून धोका नाही. मग बकऱ्या ओरडायला लागल्या म्हणून गोठ्यात गेले."

लव्होन म्हणाली, "तो फोन बावीस मिनिटं आधी यायला हवा होता. मी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये चूक होती. तुमचा विभाग तिने गाळला. चूक माझी आहे."

टाळ्या केव्हा थांबल्या मला कळलं नाही. म्हातारीने हात हळूच मागे घेतले. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग पुढच्या वेळी," ती म्हणाली, "मी कशाची वाट बघू?"

नऊ वर्षं या प्रश्नाचं उत्तर लव्होनच्या जिभेवर तयार असायचं.

"कशाचीच नका बघू," ती म्हणाली. "धूर दिसला की निघा. माझी वाट बघू नका."