पाय न टेकणारी गाडी
आमचे भाऊजी उंचीने बेताचे, पण तोरा सहाफुटी. कामावर जायला आणि अधूनमधून डोंगरात भटकायला त्यांना जुनी, कच्च्या रस्त्यालाही चालेल अशी उंच मोटरसायकल हवी होती. बघायला गेलो तेव्हा त्यांनी चेन चाचपली, टायर दाबले, इंजिनाला कान लावला. चालवून बघायला मात्र मला पुढे केलं.

"अहो, एकदा बसून तरी बघा," ताई म्हणाली.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणत त्यांनी सौदा ठोकला.

मग काय! गाडी थांबली की जमिनीला टेकायचे ते नुसते अंगठे. कामावर जाताना ते फुटपाथला खेटूनच थांबायचे आणि घरी येऊन "मस्त गाडी!" म्हणायचे.

पहिल्या सहलीला ताई त्यांच्या मागे बसली, मी स्कूटरवर पाठोपाठ. गाडी थांबली रे थांबली की ती "पाठ अवघडली" म्हणत आधी उतरायची. मी तोंड उघडणार, तोच तिने डोळे वटारले.

पेट्रोलपंपावर भाऊजींनी स्टँड लावला.

"वहिनी, सोडा आता," पंपवाला सहज म्हणाला, "नाही पडत गाडी."

भाऊजींनी वळून पाहिलं. मागचा कॅरिअर ताईने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तिने झटकन सोडला, पण तळहात लालबुंद झाले होते.