परत बोलावलेल्या पाच गाड्या

पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीत शुभांगीने चौदा वर्षं एकच काम केलं. वारा वळवायचा. मॉलसाठी, दवाखान्यांसाठी थंड हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत ती पत्रा कापायची, वाकवायची, रिव्हेट मारायची. पुढे कंपनी चाकणच्या पलीकडे गेली आणि शुभांगी आपल्या नांदे गावातच राहिली. वडिलांच्या, म्हणजे गेणबाच्या, गोठ्यात आता म्हशी नव्हत्या. तिथे तिने पत्रा वाकवायचं मशीन बसवलं आणि हॉटेलांच्या, घरांच्या स्वयंपाकघरातल्या चिमण्यांची कामं धरली.

अशाच एका चिमणीसाठी ती सूसच्या एका सोसायटीत गेली होती. घरमालक अमोघ मूळचा लातूरचा, हिंजवडीत नोकरीला. काम आटोपून ती खाली आली तर तो तिच्या मागोमाग पार्किंगमध्ये आला.

"ताई, तुम्ही हवेचंच काम करता ना? एक गोष्ट बघता का?"

त्याने आपल्या लाल गाडीचं बॉनेट उघडलं. गाडी छोटीच, पण टर्बोची, जोरात पळणारी. गाडीबरोबर आलेला कंपनीचा काळा प्लास्टिकचा हवेचा डबा काढून त्याने तिथे बाजारातला चकचकीत, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हा थंड हवा देतो. आवाज झकास यायचा, पण दुपारी चढावर गाडी दमल्यासारखी करायची. त्याने गाडीला एक छोटं यंत्र जोडलं, इंजिन चालू केलं आणि मोबाईल तिच्यापुढे धरला. बाहेर छत्तीस अंश. दहा मिनिटांनी इंजिनात शिरणारी हवा एकाहत्तर!

शुभांगीचा विश्वासच बसेना. तिने फिल्टरजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"अहो, ह्यो तर इंजिनाचीच वाफ ओढतोय! थंड हवा कुठून येणार त्याला? ही चुलीवरची हवा हाय."

वर्षभर अमोघ याच फिल्टरचं कौतुक चारचौघांत करत आला होता. जुना डबा त्याने केव्हाच भंगारात देऊन टाकला होता.

आठ दिवसांनी शुभांगीने त्याला ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा डबा करून दिला. आतून फोम, कडांना रबर, आणि डब्यातून निघून खाली बंपरच्या कोपऱ्यात उघडणारा लांब नळ. जितकं खाली आणि पुढे जावं तितकी हवा गार आणि वेगाची, असा तिचा हिशोब. गेणबा खाटेवर बसून सगळं बघत होता.

"गाडीला बी चिमणी लागती व्हय गं?"

"चिमणी न्हाई आबा, उलटं. ही आत घेती."

पौड रस्त्यावर दोघं चक्कर मारायला निघाली तेव्हा मोबाईलवरचा आकडा उतरायला लागला. साठ, चोपन्न, अठ्ठेचाळीस, त्रेचाळीस. अमोघ ओरडलाच. शुभांगीलाही खरं वाटत नव्हतं. चौदा वर्षांत तिच्या डक्टला कुणी असं वाखाणलं नव्हतं. महिन्याभरात अमोघच्या पाच मित्रांनी तसेच डबे करून घेतले.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी सूस-नांदे रस्त्यावर बांधकामाची पाण्याची लाईन फुटली आणि खोलगट भागात तळं साचलं. शुभांगी तिथूनच स्कूटरवरून गेली. पाय वर घेतले, पण पाणी स्कूटरच्या पाय ठेवायच्या फळीलाही लागलं नाही.

दहाच्या सुमारास सूसच्या इंद्रजित मेकॅनिकचा फोन आला. "ताई, तुम्ही डबा केलेली लाल गाडी माझ्याकडं ओढून आणलीय. जरा येऊन जा."

ती पोचली तेव्हा अमोघ टायरवर बसला होता, चेहरा पांढराफटक. इंद्रजितने इंजिनाचे प्लग काढून ठेवले होते. तो म्हणाला, "लांब उभ्या राहा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा," आणि त्याने चावी फिरवली.

प्लगच्या भोकांतून गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट वरच्या पत्र्यावर जाऊन आदळली. शुभांगी दचकून मागे सरकली. इंजिनातून पाणी? तिला आधी कळेचना आपण काय बघतोय ते.

"हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात न्हाई," इंद्रजित म्हणाला. "पिस्टन पाण्यावर आपटला. आतला दांडा वाकलाय. इंजिन उघडावं लागंल."

"किती वेगात होता तुम्ही?" तिने अमोघला विचारलं.

"वीससुद्धा नाही हो. पुढे टेम्पो होता, त्याची लाट आली. फट्कन बंदच पडली."

शुभांगीने पर्समधली टेप काढली, गुडघ्यावर बसली आणि नळाच्या तोंडाची उंची मोजली. जमिनीपासून अकरा इंच. तिने पुन्हा मोजली. अकराच. चौदा वर्षं तिने छताला टांगलेले डक्ट केले होते. छतापर्यंत पाणी चढत नाही. वाऱ्याचा विचार करताना पाण्याचा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता.

"चूक माझी हाय," ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या डोक्यात दुसरा विचार आला. अजून पाच गाड्या! पाचही अकरा इंचांवर. आणि ते तळं अजून तसंच भरलेलं.

तिने तिथेच उभं राहून फोन लावले. चौघांनी लगेच ऐकलं. "गाडी जागेवरनं हलवू नका, मी येतेय," एवढंच ती सांगत होती. पाचवा पियूष. त्याने ऐकून घेतलं आणि हसला.

"ताई, माझी मस्त चाललीय. मी आत्ता निघतोय, संध्याकाळी बघू."

"कुठं निघालाय?"

"नांद्यावरनं पुढे."

ती स्कूटरला किक मारूनच सुटली. पियूषच्या सोसायटीत शिरली तेव्हा तो गाडी बाहेर काढत होता. ती सरळ बंपरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. पियूषने हॉर्न दिला. ती हलली नाही. वॉचमन बघायला आला.

"ताई, हे काय चालवलंय?" पियूष काच खाली करून चिडला.

तिने इंद्रजितच्या गॅरेजमध्ये काढलेला व्हिडिओ त्याच्यापुढे धरला. पाण्याची चिळकांडी बघताना त्याचं हसू विरलं. त्याने पुन्हा एकदा बघितला.

"ही अमोघची गाडी आहे?"

"व्हय. आणि तुमच्या नळाचं तोंड बी तेवढंच खाली हाय."

त्याने इंजिन बंद केलं. शुभांगीने पार्किंगच्या फरशीवर आडवं पडून नळ ओढून काढला. घाईत पत्र्याने तळहात कापला, तो रुमालाने बांधून ती उरलेल्या चार ठिकाणी गेली. दुपारी घरी आली तेव्हा स्कूटरला पाच नळ बांधलेले होते. गेणबाने तिच्या हाताकडे पाहिलं.

"काय झालं गं?"

तिने सगळं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "त्या पोराच्या गाडीचं काम हुईस्तवर तू तितं जाऊन बस. फोनवर माफी मागू नगंस."

ती गेली. तीन आठवडे रोज दुपारी इंद्रजितकडे जाऊन ती सुटे भाग धुवायची, पुसायची, मागेल ते हातात द्यायची. अमोघ पहिल्यांदा आला तेव्हा तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या खेपेला त्याने तिच्यासाठी चहा सांगितला.

इंजिन पुन्हा जोडलं गेलं. इंद्रजितने जुन्या गाड्या तोडून भाग विकणाऱ्याकडून कंपनीचा जुना प्लास्टिकचा डबा पैदा केला होता, तो बसवला. शुभांगीने तो हातात घेऊन नीट पाहिला होता. त्याचं तोंड वर, रेडिएटरच्याही डोक्यावर, जाळीमागे. तिथून वाट खाली उतरत होती आणि तळाला पाणी गळून जायला भोक होतं. कुणीतरी हे सगळं आधीच विचारात घेतलं होतं.

चाचणीला अमोघ, इंद्रजित आणि शुभांगी अशी तिघंही गेली. तशीच दुपार, तोच पौड रस्ता. अमोघने मोबाईल मधे ठेवला. आकडा उतरत शेचाळीसवर थांबला.

शुभांगीने मोबाईल उचलून डोळ्यांजवळ नेला. तिच्या नळाचे त्रेचाळीस, या साध्या डब्याचे शेचाळीस. तीन अंश! एवढ्यासाठी एका इंजिनाचं वाटोळं झालं होतं.

"म्हणजे आधी काही बिघडलेलंच नव्हतं," अमोघ हळूच म्हणाला.

"बिघडवलं आपण," शुभांगी म्हणाली. "आधी तुमी, मग मी."

पाचपैकी चौघांकडे कंपनीचे डबे माळ्यावर पडून होते. तिने स्वतः जाऊन ते बसवून दिले. पियूषने आपला विकून टाकला होता. त्याच्यासाठी तिने नवा नळ केला, तोंड वर, तळाला भोक, आणि गाडीत घालायच्या आधी गोठ्यापुढे उभं राहून त्याच्या तोंडावर बादलीने पाणी ओतलं. पाणी भोकातून गळून गेलं. गेणबाला तिने आणखी एक बादली भरून आणायला सांगितली.