आबांनी स्क्रीनवर घेतलेला कौल

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. गावात कोणाची म्हैस आटली तरी ‘कोणीतरी केलं’ म्हणणाऱ्यांशी मी जन्मभर भांडत आलोय. तेव्हा हे वाचून कोणी हसलं तर माझी तक्रार नाही... दुसऱ्याचं असतं तर मीही हसलो असतो.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून काही वर्षं झाली होती. मी डिचोलीत बसस्टँडच्या मागे एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. माडीवरची खोली, तीन मशिनं, एक पंखा. घर पेडण्यातल्या कोरगावात. घरी आबा — माझे वडील — एकटेच. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि भावंड मला नाही. काजूची बाग, एक गाय आणि शनिवारी येणारा मी, एवढाच त्यांचा संसार.

अशात पुण्याच्या एका मित्राने फ्लॉप्यांचा गठ्ठा पाठवला. नवी ऑपरेटिंग सिस्टिम, अजून बाजारात न आलेली, चाचणीची आवृत्ती. त्याच्या कंपनीला ती वापरणाऱ्याचा पहिला अनुभव लेखी हवा होता. रिपोर्ट आवडला तर पुण्यात नोकरी पक्की, असं तो म्हणाला. मला जायचं होतं, अगदी मनापासून. फक्त आबांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

शनिवारी घरी गेलो आणि धीर करून सांगितलं. आबा गायीला चारा घालत होते. हातातली पेंढी गव्हाणीत टाकून म्हणाले, “देवाचो कौल घेवया.”

आमच्याकडे ही रीतच आहे. लग्न असो, विहीर असो, गुरव देवाच्या काळ्या पाषाणी मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी तडकलो. म्हटलं, माझी नोकरी काय पाकळीवर ठरवणार? मी शिकलो कशाला मग? आबा पुन्हा चाऱ्याकडे वळले. पुढचे दोन शनिवार मी घरीच गेलो नाही. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या रविवारी क्लासला सुट्टी होती. मी एकटा बसून रिपोर्ट लिहीत होतो. खरं सांगू, त्या सिस्टिमच्या मी प्रेमातच पडलो होतो. जुन्या सिस्टिममध्ये प्रोग्रॅमची चित्रं चौकटीत कोंबलेली असायची. इथे ती सरळ मोकळ्या पडद्यावर. खाली एक पट्टी, पट्टीच्या डाव्या टोकाला एक बटण, ते दाबलं की सगळी यादी वर येते. पुसलेली फाईल कचऱ्याच्या डब्यात जाऊन बसते, हवी तर परत काढा. वाईटही लिहिलं — मशीन गोगलगायीसारखं चालायचं आणि दिवसातून चारदा अडकायचं. चित्रं हवी तिथे ओढून ठेवता येतात का, ते बघायला मी पडदा काळा केला आणि चित्रं दोन्ही बाजूंना सारखी मांडली. उजवीकडे चार, डावीकडे चार.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आबा. दोन बस बदलून आले होते, खांद्यावर अख्खा फणस. रागावलेल्या पोरासाठी फणस घेऊन आलेला बाप... मी धावत जाऊन दोन्ही हातांनी फणस घेतला. आबांची नजर माझ्यावर नव्हतीच, स्क्रीनवर होती.

“तू कौल लावलस?” ते हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला ‘नाही’ म्हणवेना.

त्यांनी वहाणा काढल्या, टोपी काढली आणि कॉम्प्युटरसमोर हात जोडून उभे राहिले. ओठ हलत होते, शब्द मला ऐकू आले नाहीत. मी फणस छातीशी धरून दाराजवळ, हसू दाबत. आणि डावीकडच्या रांगेतलं एक चित्र सुटलं. सावकाश, ओली पाकळी घसरते तसं घसरत खाली आलं आणि पट्टीच्या वर थांबलं.

माउस टेबलावर होता, त्याला कोणाचा हात नव्हता. आणि नुसता माउस हलून चित्र हलत नाही, बटण दाबून धरावं लागतं. शिवाय ते मशीन साधी खिडकी ओढली तरी धक्के खायचं. एवढं सुरळीत काही घसरणं त्याच्या बापाला जमलं नसतं.

मी म्हणालो, “डावा पडला आबा. म्हणजे नाही.”

“खुळो रे तू,” आबा हसले. “देव आपल्याकडे तोंड करून बसता. आपलो डावो तो देवाचो उजवो. जा तू पुण्याक.” मग खालच्या दुकानातून कोयता मागून आणला, आणि आम्ही दोघांनी पेपर पसरून तिथेच फणस फोडला.

मी तो प्रकार रिपोर्टात लिहिला, तरी नोकरी मिळाली. पुण्यात गेल्यावर सगळी सिस्टिम पुसून पुन्हा टाकली, तसाच काळा पडदा, तशीच मांडणी. कित्येकदा. एकही चित्र जागचं हललं नाही. तिथले हुशार लोक म्हणाले, चाचणीची आवृत्ती आहे, चालायचंच. हे काय उत्तर झालं?

दुसऱ्या वर्षी चवथीला, गणपतीसाठी घरी आलो तेव्हा आबांना विचारलं, त्या दिवशी गाऱ्हाणं काय घातलं होतं? मी जाऊ की नको, हेच ना?

“तुझा कित्याक इचारू? तू जातलसच,” आबा नारळ सोलत म्हणाले. “माका एकट्याक रवाक जमतला काय, इतक्याच इचारलंय.”

ते एकटे अकरा वर्षं राहिले. पुण्याला ये म्हटलं तर गायीचं कारण सांगायचे, आणि ‘तू परत ये’ असं एकदाही म्हणाले नाहीत. कौल खरा ठरला. कसा दिला, कोणी दिला, मला आजही सांगता येत नाही. आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्यांच्याशिवाय राहायला जमेल का, हे त्या दिवशी मी विचारायला हवं होतं. नाही जमत.